कराराची मुदत आणि पुण्याची टूलरूम

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून चालू होता. अमेरिकेतून खोक्यांत सुटे भाग येत, शिवडीत ते जोडले जात आणि तयार मोटार विकली जाई. फोर्डनेही भारतात अशीच सोय केली होती. दोन खंडांमधला हा व्यवहार जवळपास पाव शतक सुरळीत चालला. माल येत राहिला, पैसा जात राहिला आणि थोड्याफार लोकांना नोकऱ्या मिळाल्या. मग १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून भारत सरकारने ठरवले, की टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे नसेल, त्यांना नुसती जुळणी करता येणार नाही. दोन्ही कंपन्यांना इथली बाजारपेठ एवढ्या खर्चाला पुरेशी वाटली नाही आणि त्या निघून गेल्या. पंचवीस वर्षांच्या त्या संबंधातून मागे काही जाणकार मेकॅनिक आणि विक्रेते तेवढे राहिले. मोटारीचा एखादा अवघड भाग इथे ओतता, घडवता किंवा कापता यावा, याची गरज त्या व्यवहारात कधी पडलीच नव्हती. परदेशी कंपनीशी जुळलेले नाते किती कोटी आले यावर मोजण्याची सवय आपल्याला आजही आहे. शिवडीचा अनुभव पाहता, ते नाते संपल्यावर हाताशी काय राहिले हे तपासल्याशिवाय त्याची किंमत ठरवू नये, असे मला वाटते. या कसोटीवर पारखण्यासाठी महाराष्ट्रातला सर्वांत चांगला पुरावा आहे तो पुणे, पिंपरी आणि चिंचवडच्या पट्ट्यातल्या परदेशी सहकार्याच्या करारांचा.

शिवडीची जुळणी आटोपत होती त्याच सुमारास, १९५४ मध्ये, टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी ट्रक बनवण्यासाठी पंधरा वर्षांचा करार केला. टेल्को तोवर जमशेदपूरला रेल्वेची इंजिने बनवत होती. १९५८ मध्ये अहमदनगरच्या नवलमल फिरोदियांनी हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीशी बोलणी करून तिची तीन चाकी टेम्पो भारतात आणली. १९६० मध्ये बजाजने इटलीच्या पियाजिओशी स्कूटरसाठी हात मिळवला आणि १९६२ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या कमिन्स कंपनीबरोबर डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. एसकेएफ, सँडविक आणि अ‍ॅटलास कॉप्को या स्वीडिश कंपन्याही याच काळात पुण्याच्या आसपास आल्या. पुणेच का, याची कारणे सरळ आहेत. खडकीला १८६९ पासून दारूगोळा कारखाना होता, शहरात जुने इंजिनिअरिंग कॉलेज होते, १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स खडकीतच चालू होते, आणि मुंबई बंदर रेल्वेच्या एका घाटापलीकडे होते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर जमीन, पाणी आणि रस्ता एका ठिकाणी मिळू लागले.

या सगळ्या करारांना आकार दिला तो परकीय चलनाच्या टंचाईने. नेहरूंनी एप्रिल १९४९ मध्ये परदेशी भांडवलाला भारतात न्यायाने वागवले जाईल, असे संसदेला सांगितले होते. पण युद्धकाळात साठलेली स्टर्लिंगची शिल्लक दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुरुवातीलाच आटली आणि १९५७–५८ मध्ये देशाकडे यंत्रांचे सुटे भाग मागवायलाही डॉलर उरले नाहीत. त्यामुळे सरकारी परवानगीसाठी जाणाऱ्या प्रत्येक कराराकडे तीन बाबतींत बारकाईने पाहिले जाई. रॉयल्टी किती, मुदत किती, आणि कोणत्या वर्षी किती टक्के भाग देशी असतील. यातली रॉयल्टी आणि देशी भागांची टक्केवारी यांच्यावर पुढे खूप लिहिले गेले. मुदतीवर मात्र फारसे कुणी बोलले नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. अमुक तारखेनंतर जर्मन किंवा इटालियन माणूस ड्रॉइंग पाठवणार नाही, हे ज्या मालकाने पहिल्या दिवसापासून मनावर घेतले, त्याचा पैसा वेगळ्या ठिकाणी खर्च झाला.

टेल्कोत हे काम सुमंत मुळगावकरांनी केले. करार संपायला काही वर्षे बाकी असतानाच त्यांनी पिंपरी-चिंचवडला मोठी जमीन घेतली. ट्रकची मागणी इतकी होती, की कुणीही तिथे आधी जुळणीची लाइन टाकली असती. मुळगावकरांनी आधी उभारले ते यंत्रे बनवण्याचे विभाग, साचे बनवणारी टूलरूम आणि अ‍ॅप्रेंटिस मुलांना शिकवणारी शाळा. १९६६ मध्ये पुण्यात संशोधन केंद्र सुरू झाले. या कारखान्यातून प्रत्यक्ष गाड्या बाहेर पडायला पुढे दहाएक वर्षे लागली. भागधारकाच्या नजरेने पाहिले तर हा न परवडणारा उशीर होता. पण टूलरूममध्ये काय चालते हे जवळून पाहिले म्हणजे हा खर्च कशासाठी होता ते कळते. ट्रकच्या केबिनचा एक दरवाजा घ्या. सपाट पत्रा दाबून त्याला दरवाजाचा आकार देणारी डाय हा ओतीव लोखंडाचा, कित्येक टनांचा, दोन भागांचा ठोकळा असतो. मशीनवर तो कितीही नेमका कापला तरी दोन्ही भाग एकमेकांवर नीट बसत नाहीत. मग टूलमेकर एका भागावर निळ्या रंगाचा पातळ लेप लावतो, दोन्ही भाग प्रेसमध्ये टेकवून उचलतो, आणि समोरच्या भागावर जिथे निळा डाग उठला असेल तिथे उंचवटा आहे हे ओळखून तेवढीच जागा घासतो. पुन्हा लेप, पुन्हा टेकवणे, पुन्हा घासणे, असे दिवसच्या दिवस चालते. पत्रा कुठल्या कोपऱ्यात फाटेल, कुठे सुरकुतेल, गोलाई किती सैल ठेवली म्हणजे तो सुखरूप वळेल, हे कुठल्याच ड्रॉइंगवर लिहिलेले नसते. ज्याने डाय बसवली त्याच्या हाताला ते ठाऊक असते. तयार डाय परदेशातून विकत आणली तर आजचा दरवाजा निघतो, पण पुढच्या मॉडेलच्या दरवाजासाठी पुन्हा परदेशातच जावे लागते. १९६९ मध्ये करार संपला, ट्रकच्या तोंडावरचा मर्सिडीजचा तारा उतरला, तिथे टाटांचा ‘टी’ आला आणि ट्रक पूर्वीसारखेच विकले जात राहिले. पाहणाऱ्याला ही नुसती बिल्ला बदलण्याची गोष्ट वाटली असेल. तिच्यामागे पंधरा वर्षांची तयारी होती.

आकुर्डीतल्या बजाजच्या कारखान्यातही असेच घडले, थोड्या वेगळ्या रीतीने. बजाजचा पियाजिओशी करार १९७१ मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. ‘व्हेस्पा’ हे नाव परत गेले आणि त्याच आराखड्यावर वाढलेली स्कूटर १९७२ पासून ‘चेतक’ म्हणून बाहेर पडू लागली. फिरोदियांच्या टेम्पोची हकीकत आणखी पुढे जाते. हॅन्सीट ही तीन चाकी गाडी जर्मनीत पन्नासच्या दशकातच बंद झाली, नंतर तिची मूळ कंपनीही दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन नाहीशी झाली. महाराष्ट्रात मात्र भाजीच्या गोण्यांपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सगळे वाहणारी ती गाडी गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. शिकवणारा घरीच संपून गेला तरी शिकलेल्याचे काम अडले नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे सगळे शिकणे संरक्षणाच्या कुंपणाआड झाले. आयात बंद, परवाने मोजके, स्पर्धा नाही; अशा वेळी जुन्या आराखड्याची स्कूटर विकणे म्हणजे पराक्रम कसला, आणि त्याची किंमत ग्राहकाने चुकवली. आक्षेपातला ग्राहकाचा मुद्दा अगदी खरा आहे. स्कूटरसाठी नोंदणी करून लोक आठ-दहा वर्षे थांबत. या काळाचे कौतुक करताना ती वाट पाहणारी माणसे विसरणे बरे नव्हे. पण संरक्षण हे कारण म्हणून पुढे केले, तर त्याने सर्वत्र सारखा परिणाम दाखवायला हवा होता. तसा तो दिसत नाही. हुगळीकाठी उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सला मॉरिस ऑक्सफर्डचे साचे मिळाले आणि त्यावर अ‍ॅम्बेसेडर उभी राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सला फियाटची ११०० मिळाली. दोघांनाही तेच कुंपण, तीच बाजारपेठ, तीच वर्षे मिळाली. तरी अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत जवळजवळ त्याच रूपात बनत राहिली आणि बंद पडली, त्याच ११०० वर बेतलेली प्रीमियरची पद्मिनीही तशीच सरली. मोटारींवर सरकारचे किंमत-नियंत्रण होते, त्यामुळे नव्या साच्यांसाठी पैसा उरत नसे, हे या कंपन्यांच्या बाजूने सांगायला हवे. ते धरूनही एवढे दिसते, की कुंपणाने फक्त वेळ दिला. तो वेळ कशात घालवायचा हे ज्याचे त्याने ठरवले.

आणि टेल्कोची परीक्षा कुंपण खाली आल्यावर झालीच. ऐंशीच्या दशकात सरकारने हलक्या ट्रकांसाठी जपानी सहकार्याचे चार करार मंजूर केले. टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी अशा चार नामवंत कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर उतरल्या. त्यांच्या गाड्या हलक्या, चपळ आणि नव्या होत्या, आणि टेल्कोचे दिवस भरले असे बोलले जाऊ लागले. १९८६ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून टाटा ४०७ बाहेर पडली. तिच्यासाठी परदेशी भागीदार नव्हता. आराखडा, साचे आणि चाचण्या घरच्याच होत्या. लादायच्या मर्यादेची ऐशीतैशी करून माल भरणाऱ्या आपल्या वाहतूकदाराला काय टिकेल, याचा अंदाज तिच्यात उतरला होता. पुढे टोयोटाचा भारतीय उपक्रम देवूच्या हाती गेला, निस्सानचा महिंद्रात विलीन झाला. ४०७ अजून रस्त्यावर आहे. संरक्षणाने जे कमावले ते स्पर्धेत टिकत नाही असे म्हणणाऱ्याला या एका गाडीचे उत्तर द्यावे लागेल.

बजाजच्या बाबतीत मात्र माझ्या युक्तिवादाला मर्यादा पडते, आणि ती मान्य केलेली बरी. आकुर्डीने स्कूटर स्वस्तात, लाखोंच्या संख्येने आणि सारख्या दर्जाची कशी बनवायची हे जगातल्या कुणाही इतके चांगले आत्मसात केले. नवी गाडी मुळातून रेखाटण्याचे काम मात्र मागे पडले. बनवण्याची विद्या आणि रचण्याची विद्या या दोन वेगळ्या आहेत. करार पहिली देतो, दुसरी सहसा देत नाही. नव्वदच्या दशकात ग्राहक मोटरसायकलकडे वळला तेव्हा बजाजला त्याची झळ बसली, आणि २००१ मध्ये पल्सर आल्यावरच तिने घरची रचना लोकांपुढे ठामपणे ठेवली. म्हणजे कराराला मुदत असणे पुरेसे नाही. मुदत संपल्यानंतरच्या निवांत वर्षांत मालक काय करतो, यावरही बरेच ठरते.

यापेक्षा अवघड उदाहरण कमिन्सचे आहे, कारण तिथे निरोपाची तारीख नव्हती. किर्लोस्कर कमिन्समध्ये अर्धे भांडवल अमेरिकन कंपनीचे, साडेपंचवीस टक्के किर्लोस्करांचे आणि उरलेले साडेचोवीस टक्के भारतीय जनतेचे होते. शंतनुराव स्वतः एमआयटीत शिकलेले इंजिनिअर. कमिन्सचे अध्यक्ष जे. आयर्विन मिलर हे दूरचा विचार करणारे उद्योजक. दोन्हीकडे मन मोठे होते, तरी कोथरूडच्या कारखान्याची पहिली वर्षे फार कठीण गेली. कमिन्सची इंजिने होती दोनशे अश्वशक्तीच्या आसपासची, आणि भारतातला ट्रक त्याच्या निम्म्या शक्तीवर चालत होता. शिवाय ट्रक बनवणारे आपापली इंजिने घरीच बनवत. त्यामुळे गिऱ्हाईक शोधावे लागले ते खाणींतल्या डंपरांत, कॉम्प्रेसरांत आणि विजेच्या जनरेटरांत. दुसरी अडचण आणखी खोल होती. कोलंबसहून आलेल्या प्रत्येक ड्रॉइंगवर अमेरिकन पोलादाची जात, इंचातले माप आणि तिथल्या पुरवठादाराची पद्धत गृहीत धरलेली होती. तिथे हे भाग बाहेरचे तज्ज्ञ कारखाने पुरवत. इथे तसे कारखानेच नव्हते, आणि परकीय चलनाअभावी ते भाग मागवताही येत नव्हते. मग एकेका भागासाठी जुळणारे भारतीय पोलाद शोधायचे, ड्रॉइंग बदलायचे, नमुना तपासायचा आणि तो नापास झाला की पुन्हा पहिल्यापासून. सिलिंडर ब्लॉकचे कास्टिंग बाहेरून निर्दोष दिसे, आणि अर्धेअधिक मशीनिंग झाल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघाले की तोवरची सगळी मजुरी भंगारात जाई. अर्थतज्ज्ञ जॅक बॅरन्सन यांनी १९६७ मध्ये या अनुभवावर एक पुस्तक लिहिले. घाईने देशी भाग वापरायला लावल्यामुळे भारतात बनलेले इंजिन फार महाग पडते, असे त्यांनी दाखवले. विकसनशील देशांतल्या सक्तीच्या देशीकरणाविरुद्ध युक्तिवाद करताना हे उदाहरण दिले जाते.

बॅरन्सन यांचा हिशेब त्या वर्षापुरता बरोबर होता. पण १९६७ मध्ये जो खर्च इंजिनावर चढलेला दिसत होता, त्यातला मोठा भाग इंजिनाचा नव्हताच. तो पुण्याच्या परिसरात ओतकाम, फोर्जिंग, गिअर कटिंग आणि तपासणी यांची एक संपूर्ण नवी वस्ती बसवण्याचा खर्च होता, आणि त्या वस्तीचा उपयोग पुढे कमिन्सबरोबर सगळ्यांनाच झाला. १९६१ मध्ये नीलकंठराव कल्याणींनी मुंढव्याला भारत फोर्ज काढली ती याच मागणीच्या भरवशावर. क्रँकशाफ्ट आणि पुढचा अ‍ॅक्सल हे ट्रकमधले सर्वांत सोसणारे भाग; ते इथे घडू लागले. भोसरीत तर गाळ्यागाळ्यांत कारखाने उभे राहिले. कुठल्या तरी मोठ्या कंपनीत दहा वर्षे टर्नर किंवा फिटर म्हणून काढलेला माणूस दोन लेथ घेऊन गाळा घेई, आणि त्याचा पहिला जॉब बहुधा त्याच्या जुन्या कंपनीकडूनच येई. परदेशी ड्रॉइंगवरचा टॉलरन्स असा त्याच्या शेडपर्यंत पोचला. या माणसांची नावे कुठल्याच करारात नाहीत. पण करारांचे जे फळ आपण आज मोजतो, त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे. म्हणून कमिन्सचे उदाहरण माझ्या मताला छेद देत नाही, ते दुरुस्त करते. निरोपाची तारीख नसलेल्या ठिकाणी तिचे काम चलनटंचाईने केले. दोन्ही गोष्टींनी बाहेरून मागवण्याची वाट अडवली आणि घरी बनवणे भाग पाडले. १९९७ मध्ये किर्लोस्करांनी आपला वाटा कमिन्सला विकला. मालकी कोलंबसला गेली, ओतकामाची आणि घडाईची विद्या इथेच राहिली. मात्र नवे इंजिन कोणते काढायचे हे ठरवण्याचा अधिकार मालकीबरोबर जातो, आणि तो गेला हे नुकसान लहान नाही.

आणखी एक समजूत तपासायला हवी. परदेशी कंपन्यांनी उदार मनाने शिकवले म्हणून आपण शिकलो, असे समारंभांतून ऐकायला मिळते. डेमलर-बेंझ १९५४ मध्ये भारतात आली तेव्हा महायुद्धातल्या पडझडीतून ती नुकती सावरत होती. परदेशी बाजारपेठा पुन्हा मिळवणे ही तिची गरज होती. तयार ट्रक विकत घ्यायला भारताकडे चलन नव्हते, म्हणून यंत्रे, ड्रॉइंगे आणि भांडवलातला हिस्सा या वाटेने येणे तिला फायद्याचे पडले. पियाजिओला इटलीबाहेर परवाने विकून मिळणारी रॉयल्टी हवी होती. मिलर यांना जगभर कारखाने हवे होते. यात कमीपणा काही नाही. उलट दोघांचे हित जिथे स्पष्ट लिहिले होते, तिथेच हे संबंध दीर्घकाळ सलोख्याचे राहिले. डेमलर-बेंझने करार संपल्यावरही टेल्कोतले शेअर कित्येक वर्षे ठेवले, यावरून निरोप कटू नव्हता हे कळते.

१९९१ नंतर परवान्यांची गरज बहुतेक उद्योगांत संपली. रॉयल्टीवरच्या सरकारी मर्यादा २००९ च्या अखेरीस पूर्ण गेल्या. आता परदेशी कंपनी स्वतःच्या संपूर्ण मालकीचा कारखाना चाकणला काढू शकते, आणि अशा कारखान्याला मुदत नसते. बदलाचे दोन्ही चेहरे पिंपरीत नव्वदच्या दशकात शेजारी शेजारी दिसले. १९९४ मध्ये डेमलर-बेंझ परत आली आणि टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज मोटारींची जुळणी पिंपरीतच सुरू झाली. भाग बाहेरून येत आणि इथे जोडले जात, म्हणजे पद्धत शिवडीचीच होती. पुढे टेल्को त्या भागीदारीतून बाजूला झाली आणि मर्सिडीजने २००९ मध्ये चाकणला आपला कारखाना थाटला. नव्वदच्या त्याच वर्षांत पिंपरीच्या त्याच आवारात टेल्कोचे इंजिनिअर आपली पहिली छोटी मोटार रेखाटत होते. इंडिका १९९८ मध्ये लोकांपुढे आली. तिचे बाह्यरूप ठरवायला ट्यूरिनच्या इटालियन डिझाइन संस्थेची मदत घेतली होती, इंजिनासाठी फ्रेंच सल्लागारांची, आणि निस्सानने बंद केलेल्या ऑस्ट्रेलियातल्या कारखान्याची यंत्रसामग्री उचलून जहाजांतून पुण्याला आणली होती. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी बऱ्याच आल्या आणि त्या सुधारायला टेल्कोला दोन-तीन वर्षे झटावे लागले. तीन देशांतल्या कंपन्यांशी झालेल्या या व्यवहारांत कुणाला भांडवलात वाटा दिलेला नव्हता, कुणाचे नाव गाडीवर लावायचे नव्हते. काय बाहेरून घ्यायचे आणि काय घरी करायचे याची यादी पिंपरीत तयार झाली होती, आणि साच्यांचे काम त्या यादीत घरच्या बाजूला लिहिलेले होते.